बायोप्सीत "दाट कोलॅजन" आलंय, कोलॅजन तर चांगलं असतं ना? मग कॅन्सरशी काय संबंध?

चांदाकर

नमस्कार मंडळी. डोक्यात गोंधळ झालाय म्हणून विचारतो, कुणी डॉक्टर किंवा बायोलॉजीवाले असाल तर जरा सांगा.

माझा धाकटा भाऊ, वय सत्तावीस. कॉलेजपासून खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला). आमच्याकडे चंद्रपूरला पानठेल्यावर उभा राहिलेला प्रत्येक दुसरा पोरगा पन्नीत खर्रा घोटत असतो त्यामुळे कुणाला त्यात काही वाटतही नाही. वर्षभरापासून तिखट खाल्लं की तोंडाची नुसती आग, आम्ही म्हणायचो ॲसिडिटी असेल, आणि आता तर तोंडच उघडत नाही, पाणीपुरी अख्खी जात नाही आत. शेवटी ओढून डेंटल कॉलेजला नेला. बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये सबम्यूकस फायब्रोसिस म्हणून आलं, खाली लिहिलंय की एपिथेलियम म्हणजे वरचं अस्तर पातळ झालंय, त्याच्याखाली दाट कोलॅजन आहे, हायलिनायझेशन आहे, आणि डिस्प्लेशिया नाही. डॉक्टर म्हणाले आज कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकतो, खर्रा आजपासून बंद आणि नियमित दाखवायला यायचं.

आता माझा प्रश्न. घरी आमच्या सौ. महिन्याच्या महिन्याला कोलॅजन पावडर मागवतात, स्किनसाठी म्हणे, डब्यावर बाईचा हसरा फोटो. म्हणजे एकीकडे कोलॅजन विकत घेऊन खायचं आणि दुसरीकडे कोलॅजन जास्त झालं म्हणून कॅन्सरची भीती? शिवाय कॅन्सर म्हणजे पेशी बिघडतात, जीन बिघडतात असंच शिकलो ना आपण शाळेत. पेशींच्या बाहेरच्या प्रोटीनचा त्यात काय रोल? आणि ती पावडर बंद करायची का?

दातवाला_डॉक

भाऊ, मी विदर्भातच प्रॅक्टिस करतो, ओरल मेडिसिनवाला आहे. आठवड्यात असे पेशंट किती येतात ते सांगत नाही, वाचून तुम्हालाच वाईट वाटेल.

आधी भावाबद्दल. डिस्प्लेशिया नाही, म्हणजे पेशी अजून कॅन्सरच्या दिशेने बिघडलेल्या नाहीत, ही खरंच चांगली बातमी आहे, ती धरून ठेवा. या आजारात आम्ही गालाच्या आतून बोट फिरवतो तेव्हा मऊ ओलसर गालाऐवजी ताठ उभे पट्टे लागतात हाताला, रंग गुलाबीचा पांढुरका झालेला असतो, पडजीभ आखडून बारकी होते, पेशंटला गाल फुगवा म्हटलं तर फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. ते पट्टे म्हणजेच तुमच्या रिपोर्टमधलं दाट कोलॅजन, आणि हायलिनायझेशन म्हणजे तेच कोलॅजन काचेसारखं एकसंध झालेलं.

हे होतं सुपारीने. लोक तंबाखूला शिव्या देतात आणि सुपारी म्हणजे पूजेतली वस्तू, तिचं काय, असं समजतात. खर्ऱ्यात तंबाखू आणि चुना असतोच पण फायब्रोसिसची, म्हणजे कोलॅजन असं साठून ताठ होण्याची, खरी मानकरी सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टना म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना चेव आणतं, तिच्यातले टॅनिन कोलॅजनच्या धाग्यांना असं काही चिकटतात की शरीराचं स्वतःचं कोलॅजनेज त्यांना तोडू शकत नाही, आणि वर सुपारीत तांबं भरपूर. तांब्यावर चालणारं एक एन्झाइम आहे, लायसिल ऑक्सिडेज, ते कोलॅजनच्या धाग्याला धागा बांधून टाकतं. म्हणजे बनतंय जास्त, तुटतंय कमी आणि जे आहे ते करकचून बांधलेलं. तोंड उघडणार कसं?

आजार नवा नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झने पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये त्याचं वर्णन केलं आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. कॅन्सर किती जणांना होतो म्हणाल तर केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात पेशंट सतरा वर्षं फॉलो केले होते, १९८५ चा पेपर आहे, त्यात ७.६ टक्के निघाले. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण ज्याला होतो त्याला टक्केवारीचा काय उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर एजन्सीने, आयएआरसीने, २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, पहिल्या गटातलं कार्सिनोजेन, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे पक्कं झालेलं, ठरवलंय.

पेशीच्या बाहेरचं प्रोटीन काय करतं हे माझ्यापेक्षा लॅबवाले नीट सांगतील. इथे पिपेट नावाचे एक सदस्य आहेत, दिसले तर लिहितीलच.

पिपेट

हाक मारलीत म्हणून आलो :) कॅन्सर बायोलॉजीत पीएचडी चालू आहे, मॅट्रिक्स हाच विषय, त्यामुळे लांबलचक होईल, सहन करा.

चांदाकर दादा, जीन बिघडतात हे बरोबरच आहे. पण नुसते बिघडलेले जीन पुरेसे असतात का, या प्रश्नावर आमच्या फील्डमधली निम्मी भांडणं झालेली आहेत. माझी सगळ्यात आवडती गोष्ट कोंबडीची. राउस सार्कोमा व्हायरस, १९११ पासून माहीत असलेला, कोंबडीला टोचला की तिथे ट्यूमर येतो कारण व्हायरस स्वतःच कॅन्सरचा जीन घेऊन येतो. १९८४ मध्ये मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने तोच व्हायरस अंड्यातल्या कोवळ्या गर्भाला टोचला. जीन आत गेला, कामही करत होता, पण ट्यूमर नाही. मग त्याच पेशी गर्भातून सोडवून काचेच्या डिशमध्ये टाकल्या तर लगेच कॅन्सरसारख्या वागायला लागल्या. जीन तोच, भोवताल बदलला. पुढे असंही दिसलं की मोठ्या कोंबडीला एका पंखात व्हायरस टोचून दुसऱ्या पंखाला जखम केली तर ट्यूमर त्या जखमेपाशीही येतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

भोवताल म्हणजे काय तर मुख्यतः हे एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स, आम्ही ईसीएम म्हणतो. त्यात कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, टेनासिन अशी प्रोटीन्स आणि हायलुरोननसारख्या लांबच लांब साखरेच्या साखळ्या. कोलॅजनचेच अठ्ठावीस प्रकार आहेत त्यामुळे नुसतं "कोलॅजन चांगलं की वाईट" याला उत्तरच नाही. भावाच्या गालात साठलंय ते जाड दोरांचं, टाइप वन. आणि त्याच गालात एपिथेलियमच्या बरोब्बर खाली एक अतिशय पातळ थर असतो, बेसमेंट मेम्ब्रेन, त्यात टाइप फोर कोलॅजन आणि लॅमिनिनची जाळी. हा थर शाबूत आहे तोवर पॅथॉलॉजिस्ट कितीही वाईट दिसणाऱ्या पेशींना "इन सिटू" म्हणतो, आणि पेशींनी तो ओलांडला की शब्द बदलून "इन्व्हेझिव्ह" होतो. मायक्रोस्कोपखाली मायक्रोमीटरमध्ये मोजायचा थर पण पेशंटचं सगळं आयुष्य त्याच्या अलीकडे की पलीकडे यावर ठरतं.

आता हे बाहेरचं प्रोटीन पेशीला सांगतं कसं. पेशीच्या अंगावर इंटिग्रिन नावाची प्रोटीन्स असतात, माणसात त्यांच्या चोवीस जोड्या. एक टोक बाहेर मॅट्रिक्सला धरून, दुसरं आत पेशीच्या सांगाड्याला जोडलेलं. पेशी सतत बाहेर खेचून बघत असते. भोवताल मऊ असेल तर खेचल्यावर तो हलतो आणि पेशी निवांत राहते. भोवताल ताठ असेल तर इंटिग्रिनचे घोळके जमतात, आत एफएके नावाचं, सिग्नल पुढे देणारं एन्झाइम पेटतं, वायएपी नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये शिरतं आणि विभाजनाचे जीन चालू होतात. म्हणजे नुसत्या ताठपणालाही पेशी "वाढ" असं समजू शकते. छातीतली गाठ हाताला कडक लागते ना, तो कडकपणा मुख्यतः याच मॅट्रिक्सचा. २००९ मध्ये व्हॅलेरी वीव्हर यांच्या ग्रुपने उंदरांमध्ये दाखवलं की तेच लायसिल ऑक्सिडेज, डॉक्टरांनी सुपारीच्या संदर्भात सांगितलं तेच, अडवलं तर स्तनातलं टिश्यू कमी ताठ होतं आणि ट्यूमर उशिरा येतात.

दुसरं म्हणजे मॅट्रिक्स हे गोदाम पण आहे. टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रोटीन्स, त्यात अडकवून ठेवलेले असतात. पेशींनी खेचलं किंवा एमएमपी नावाच्या एन्झाइमनी कापलं की ते सुटतात. टीजीएफ-बीटा सुटला की फायब्रोब्लास्ट आणखी कोलॅजन बनवतात, त्याने आणखी ताठ, की आणखी खेच. व्हीईजीएफ सुटला की नव्या रक्तवाहिन्या. हे सगळं जखम भरताना पण होतं, फक्त तिथे काम झालं की थांबतं. हॅरोल्ड ड्व्होराकने १९८६ मध्ये ट्यूमरला "न भरणारी जखम" म्हटलं ते यासाठीच, आणि सुपारीने रोज सोलवटणारा गाल बघितला की मला तेच आठवतं.

आणि इम्यून सिस्टिम. दाट कोलॅजनच्या कडेला टी सेल, म्हणजे कॅन्सर पेशी मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, येऊन अडकलेले स्लाइडमध्ये चक्क दिसतात, आत जाताच येत नाही त्यांना. त्यात परत कोलॅजनला चिकटणारा एलएआयआर-१ नावाचा रिसेप्टर टी सेलवर असतो, तो चिकटला की टी सेल आणखी थंड पडतो.

पावडरचं सोपं आहे. खाल्लेलं कोलॅजन पोटात पचतं, ॲमिनो ॲसिड आणि छोटे पेप्टाइड होतात. ते कोलॅजन म्हणून जाऊन गालात बसत नाही. वहिनींना खाऊ द्या, पैसे तुमचे :)

शंकेखोर

छान लिहिलंय पण एक बेसिक शंका. एवढं सगळं माहीत आहे १९८४ पासून तर मग ते मॅट्रिक्स विरघळवणारं औषध का नाही निघालं? गाठीभोवतीचं जाळं काढून टाका, केमो आत जाऊ द्या, संपलं. की नेहमीप्रमाणे उंदरांमध्ये सगळं बरं होतं आणि माणसात काहीच नाही? फंडिंगसाठी पेपर छापायचे धंदे वाटतात कधीकधी. राग मानू नका.

दुसरं, दातवाले डॉक्टर, सुपारीत तर कार्सिनोजेनिक नायट्रोसामाइन पण तयार होतात ना? मग कॅन्सर फायब्रोसिसमुळे होतो की फायब्रोसिस आणि कॅन्सर दोन्ही सुपारीमुळे स्वतंत्रपणे होतात? हे वेगळं कसं करता तुम्ही?

दातवाला_डॉक

दुसरा प्रश्न एकदम रास्त. पूर्ण वेगळं करता येत नाही, कारण ज्याला फायब्रोसिस आहे त्याने सुपारी खाल्लेलीच असते, सुपारी न खाता झालेला असा ग्रुप तुलनेला आणायचा कुठून. माझं स्वतःचं मत, दोन्ही. नायट्रोसामाइन डीएनए बिघडवतात आणि आखडलेलं टिश्यू त्या बिघडलेल्या पेशींना सोयीचं घर करून देतं, वर एपिथेलियम पातळ झालेलं आणि रक्तपुरवठा घटलेला. लिव्हरचं उदाहरण घ्या. दारू असो, हिपॅटायटिस बी असो की सी, कारणं एकमेकांशी काही संबंध नसलेली, पण लिव्हरच्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट सिऱ्होसिसच्या, म्हणजे लिव्हरमधल्या टोकाच्या फायब्रोसिसच्या, वाटेनेच येतात. वाटेत फायब्रोसिस बहुतेकांना लागतंच, मग ते निव्वळ साक्षीदार आहे असं म्हणवत नाही.

पिपेट

शंकेखोर, राग कसला, तुमचा प्रश्न म्हणजे माझ्या फील्डची दुखरी नस आहे. उंदीर-माणूस टोमणा पण मान्य. फक्त "संपलं" म्हणालात ते नाही, कारण विरघळवायचा प्रयत्न झालाय आणि न विरघळू द्यायचाही झालाय, आणि दोन्ही आपटलेत.

आधी न विरघळू देण्याचा. नव्वदच्या दशकात विचार असा होता की कॅन्सर पेशी एमएमपी वापरून बेसमेंट मेम्ब्रेन कापतात तर एमएमपीच बंद पाडा. बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट अशी औषधं आली, मोठ्या ट्रायल झाल्या, पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही आणि सांधे, खांदे, हात एवढे दुखायला लागले की डोस कमी करावा लागायचा. एमएमपी वीसच्या वर आहेत आणि त्यातले काही ट्यूमरला अडवणारे पण निघाले. शिवाय तोपर्यंत पेशंट असे की कॅन्सर आधीच पसरलेला, म्हणजे जे अडवायचं ते होऊन गेलेलं.

मग विरघळवण्याचा. यात पॅनक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर घ्या, कारण तिथे गाठीचा मोठा भाग, कित्येकदा ऐंशी टक्क्यांहून जास्त, कॅन्सर पेशींचा नसतोच, तो स्ट्रोमा असतो, म्हणजे कोलॅजन, हायलुरोनन, फायब्रोब्लास्ट. आतला दाब एवढा की रक्तवाहिन्या चेपून जातात आणि औषध पोचत नाही. तुमचाच विचार, हे काढा आणि केमो आत सोडा. २००९ मध्ये उंदरांत हेजहॉग नावाचा सिग्नल बंद करून स्ट्रोमा कमी केला तर केमो आत गेली, उंदीर जास्त जगले, सगळे खूश. माणसातली ट्रायल २०१२ मध्ये थांबवावी लागली कारण औषध मिळालेल्यांचीच तब्येत जास्त बिघडत होती. हायलुरोनन विरघळवणारं एन्झाइम इंजेक्शनने देऊन बघितलं, सुरुवातीच्या ट्रायलमध्ये आशा दिसली, तिसऱ्या फेजमध्ये २०१९ साली फेल. लायसिल ऑक्सिडेजच्या कुटुंबातल्या एलओएक्सएल-२ विरुद्ध अँटिबॉडी आली, सिमटुझुमॅब, तीही पॅनक्रियाजमध्ये फेल.

का, तर २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या ग्रुपनी उंदरांतच दाखवलं की कोलॅजन बनवणाऱ्या त्या पेशी मुळापासून काढल्या तर ट्यूमर आणखी आक्रमक होतो. २०२१ मध्ये त्याच पेशींमधलं फक्त टाइप वन कोलॅजन काढून बघितलं तरी उंदीर लवकर मेले. म्हणजे तेच कोलॅजन काही प्रमाणात ट्यूमरला बांधूनही ठेवत होतं. कुठलं कोलॅजन, किती बांधलेलं, धागे गाठीला समांतर आहेत की बाहेरच्या दिशेने उभे, यावर ते मदत करतं की अडवतं ते ठरतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये धागे गाठीच्या कडेला काटकोनात उभे दिसले तर पेशी त्यावरूनच सरकत बाहेर पडतात, आणि असे धागे असलेल्या पेशंटचं भवितव्य वाईट निघालेलं आहे.

अजून एक गंमत. कोलॅजन तुटतं तेव्हा त्याचे तुकडे पण गप्प बसत नाहीत. टाइप अठरा कोलॅजनचा एक तुकडा, एंडोस्टॅटिन, जुडा फोकमन यांच्या लॅबने १९९७ मध्ये शोधला, तो नव्या रक्तवाहिन्याच रोखतो. तेव्हा वर्तमानपत्रांत कॅन्सर संपला अशा थाटाच्या बातम्या होत्या. तिकडे अमेरिकेत ट्रायलमध्ये फारसं काही हाती लागलं नाही, चीनने मात्र त्याचा एक बदललेला प्रकार २००५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर केला.

त्यामुळे आता "काढून टाका" म्हणणारे कमी झालेत, "जरा सैल करा" म्हणणारे वाढलेत. राकेश जैन, आयआयटी कानपूरचे, आता हार्वर्डला, त्यांच्या ग्रुपने लोसार्टन ही साधी ब्लडप्रेशरची गोळी ट्यूमरमधलं कोलॅजन आणि हायलुरोनन कमी करते, चेपलेल्या रक्तवाहिन्या उघडते असं उंदरांत दाखवलं आणि त्यावरून माणसांत छोटी ट्रायलही झाली. मी त्यावर नाचत नाही अजून, वर एवढी यादी वाचलीत ना.

आणि पेपर छापायच्या धंद्याबद्दल, आमच्या लॅबमध्ये पेशी वाढवायला जे जेल वापरतो ते उंदराच्या एका सार्कोमामधूनच काढलेलं असतं, त्यात मुख्य लॅमिनिन, आणि लॅमिनिन पहिल्यांदा शुद्ध केलं तेही याच ट्यूमरमधून १९७९ मध्ये. ते बर्फावर ठेवायचं, पिपेटच्या टिपा पण फ्रीजरमधून काढलेल्या हव्यात, जरा गरम झालं की टिपेतच गोठतं आणि त्या छोट्या बाटलीची किंमत ऐकून गाइडचा चेहरा बघायचा. एवढं करून कुणी नुसता धंदा करत नाही हो.

सदाशिवपेठी_काकू

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे पण इथे डेन्स टिश्यूवर चाललंय म्हणून. माझ्या मॅमोग्राफी रिपोर्टमध्ये "ब्रेस्ट डेन्सिटी डी" असं आलंय, बाकी सगळं नॉर्मल. रेडिओलॉजीवाल्या मुलीने काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही, मागे रांग होती. हे तेच का?

पिपेट

काकू, बरंचसं तेच. मॅमोग्राममध्ये पांढरं दिसतं ते ग्रंथींचं टिश्यू आणि कोलॅजन, काळं दिसतं ती चरबी. डी म्हणजे अतिशय डेन्स, चारातला शेवटचा वर्ग. सगळ्यात कमी डेन्स असलेल्या बायकांशी तुलना केली तर सगळ्यात डेन्स गटात धोका चार पटींच्या आसपास जातो, पण तुलना सगळ्यात कमीशी आहे, सरासरी बाईशी नाही, ते लक्षात घ्या नाहीतर झोप उडेल. जास्त महत्त्वाचं म्हणजे पांढऱ्यात पांढरी गाठ लपते, म्हणून डॉक्टरांना सोबत सोनोग्राफी करायची का एवढं विचारा. रांग असली तरी विचारा.

चांदाकर

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. भावाला पण वाचायला दिलं, कोंबडीपर्यंत वाचून म्हणाला "मग मला जखम होऊ द्यायची नाही म्हणजे झालं ना", म्हटलं बाबा तू रोज खर्ऱ्याने करतोयस तीच जखम.

दोन गोष्टी विचारतो. एक, आमच्या बाबांना बीपीसाठी लोसार्टनच चालू आहे, घरात पत्ते पडलेत, ती भावाला दिली तर कोलॅजन सैल होईल का? दुसरं, खर्रा सोडला तर ते पट्टे परत जातील का, की आता आयुष्यभर असंच?

दातवाला_डॉक

नाही, नाही आणि नाही. बाबांच्या गोळ्या बाबांनाच. सत्तावीस वर्षांच्या, बीपी नॉर्मल असलेल्या पोराला ती दिली तर चक्कर येऊन पडू शकतो, आणि पिपेटनी सांगितलेली ट्रायल पॅनक्रियाजच्या कॅन्सरची होती, गालाच्या फायब्रोसिसची नाही.

पट्टे पूर्ण जात नाहीत, खोटं सांगणार नाही. एकदा बांधलं गेलेलं कोलॅजन सहजी सुटत नाही. पण खर्रा बंद केला की बऱ्याचदा पुढे वाढायचं थांबतं, बऱ्याच जणांची आग कमी होते. आम्ही गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची (हायलुरोनन तोडणाऱ्या एन्झाइमची) इंजेक्शनं देतो, म्हणजे शंकेखोर म्हणतात तसं विरघळवणं थोडंफार आम्ही पण करतो, पण ते तोंड थोडं मोकळं व्हावं म्हणून, कॅन्सर टळेल अशी गॅरंटी देऊन नाही. फारच आखडलं असेल तर ऑपरेशन करून पट्टे कापतात, पण नंतर व्यायाम केला नाही तर परत आखडतं, आणि व्यायामाचा कंटाळा करणारे पेशंट मी रोज बघतो.

व्यायाम घरी करायचा. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या घ्या, स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवून गठ्ठा करा, वरच्या खालच्या दातांमध्ये जेवढा बसतो तेवढा धरायचा, मग जमेल तशी एकेक काडी वाढवायची. दुखेल इतकं ताणायचं नाही, रक्त येईल इतकं तर अजिबात नाही. किती वेळ आणि दिवसातून कितीदा ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, त्याचं तोंड मिलिमीटरमध्ये मोजून ठेवलं असेल त्यांनी, त्यावर ठरतं. मध्येच कुठे न भरणारा व्रण, लाल खरखरीत डाग, गाठ किंवा मानेत गोळा दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्या दिवशी जायचं.

आणि "खर्रा सोडला, आता नुसती साधी सुपारी खातो" असं म्हणायला लागला तर त्याला वरची माझी पहिली पोस्ट परत वाचायला द्या.